राक्षसाचा खालचा जबडा

साल दोन हजार तेवीस, मे महिना. मला बहात्तरावं चालू होतं. माणसाच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू बनवण्यात माझी एक्कावन्न वर्षं गेली होती, आणि त्या मे महिन्यात मी एका राक्षसाचं तोंड बिघडवून बसलो. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण माझं काम काय ते कळल्याशिवाय ती कळायची नाही, म्हणून थोडा धीर धरा.

मी दात बनवतो. डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्वाल्हेरात अर्धे लोक मला अजून डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मीही फारसं खोडून काढत नाही. शिक्षण चौथी. पाचवीच्या पुस्तकांना कव्हर घातलं होतं, तेवढंच. आजोबा फौजेत घोड्यावर होते, वडील कचेरीत शिपाई झाले, आणि मी इंदरगंजच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत, लोकांच्या बत्तीशीवर. घराण्याची घसरण झाली असं म्हणणारे नातेवाईक होते. त्यातल्या तिघांच्या कवळ्या पुढे मीच बनवल्या. जेवताना तरी गप्प बसतात.

काम असं. डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ मसाला दाबून ठसा काढतो, त्याला आम्ही माप म्हणतो. ते माप माझ्याकडे येतं. त्यात प्लास्टर ओतलं की जबड्याचा साचा तयार. त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या करायच्या आणि एकेक दात रचायचा. शेवटी मेण काढून त्या जागी पक्का मसाला भरायचा. हा पक्का मसाला म्हणजे एक पावडर आणि एक लिक्विड. दोन्ही भेटले की आधी चिकट कणीक, मग दगड. लिक्विडचा वास असा की विमल, म्हणजे आमची सौ., लग्नापासून माझे कपडे वेगळे धुते. मला तो वास आता येतच नाही.

ऐकायला सोपं आहे. पण दात तोंडात गेल्यावर माणसाचं पूर्ण तोंडच बदलतं, हे मला दौलतगंजातल्या एका बाईंनी शिकवलं. साठीच्या असतील. नवी कवळी रुमालात बांधून, डॉक्टरांना वगळून, थेट माझ्याकडे आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे माझे दात नाहीत."

मी म्हटलं, "बाई, नवे आहेत. चांगले आहेत."

"फार चांगले आहेत. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती कुठंय?"

मी समजावलं की फट बुजवायला लोक हात जोडतात, तुमची फुकटात बुजली. त्या म्हणाल्या, "मी विचारायला नाही आले. सांगायला आले आहे."

मी कानस घेतली आणि फट पाडली. त्यांनी कवळी बसवली, फटीत जिभेचं टोक घालून पाहिलं आणि डोळे मिटले. "हां," म्हणाल्या, "आता घरी आल्यासारखं वाटलं." तेव्हापासून मी जुना फोटो मागितल्याशिवाय पुढचे दात लावत नाही. डॉक्टर लोक हसायचे. हसू दे.

ही अभिमानाची गोष्ट झाली. दुसरी सांगायला जड जाते.

एक गाण्याचे मास्तर होते. त्यांची कवळी मी केली. घरी जाऊन त्यांनी पेटीवर सा धरला, तर दातांतून शिट्टी. सा म्हणा, शिट्टी. सारंग म्हणा, शिट्टी. मी साचा काढून पाहिला आणि मला लगेच कळलं की वरचे दात मीच सुताभर पुढे रचले होते. त्या आठवड्यात घरात लग्न होतं, घाई झाली होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. काही बिघडलं की दात बनवणारा म्हणतो, "माप चुकीचं आलं," डॉक्टर म्हणतो, "बनवणाऱ्याने घोळ केला," आणि पेशंट दोघांच्या मधे कण्या खातो. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "माप चुकीचं आलं." डॉक्टर सज्जन होते, त्यांनी मान्य करून परत माप घेतलं. त्यात मास्तरांचे तीन महिने गेले, गुरुपौर्णिमेचं गाणं गेलं. दुसरी कवळी उत्तम झाली आणि मास्तरांनी मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले. डॉक्टर वारले, मास्तरही गेले. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

आता दात मशीन कापतं. कॉम्प्यूटरवर तोंडाचं चित्र निघतं आणि दुसऱ्या शहरातून डब्यात दात येतात, सगळे एकसारखे, जुळ्या भावांसारखे. दोन हजार तेवीसपर्यंत माझ्याकडे एकच डॉक्टर काम पाठवत होते, तेही महिन्यातून दोनदा. वरच्या मजल्यावर आमचं घर, आणि विमलने तोपर्यंत खालच्या खोलीत कूलरचा खोका आणि गव्हाची कोठी आणून ठेवली होती. मी बाहेर काढली की परत आत यायची.

अशात निखिल आला. इथल्याच एका ऑफिसात नोकरीला, वय चौतीस. मोटरसायकलवरून पडला होता, त्याचे वरचे तीन दात माझे आहेत. त्याने माझ्यासमोर काडेपेटी ठेवली. काडेपेटीत लोक पडलेला दातच आणतात. मी म्हटलं, "आता चौथा पाडलास?"

त्याने पेटी उघडली. कापसात एक राक्षस झोपलेला. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, करड्या प्लास्टिकचा, हातात कुऱ्हाड, डोक्यावर शिंगांचा टोप, खालच्या ओठातून दोन सुळे वर आलेले.

"हे काय, खेळणं?"

"खेळणं नाही काका, मिनिएचर आहे."

"तुझं लग्न झालंय ना?"

"झालंय."

"बायकोला माहिती आहे?"

"ती पण खेळते, काका."

मग त्याने समजावलं. दिल्लीत एका दोस्ताच्या घरी वर्षातून दोनदा दहा-बारा जण जमतात. मोठ्या टेबलावर थर्माकोलचे डोंगर, नदी, पडके किल्ले. प्रत्येकाने आपली फौज आणायची, अशा बोटाबोटाएवढ्या राक्षसांची, भुतांची, परदेशी शूरवीरांची. टेपने मोजून फौज पुढे सरकवायची आणि फासे टाकून लढायचं. फौज ज्याची त्याने स्वतः जोडायची, रंगवायची. फौजेतल्या आमच्या आजोबांना हे आवडलं असतं असं मला वाटलं.

"मग अडचण काय?"

"दिल्लीवाले माझ्या फौजेला भंडारे की पंगत म्हणतात, देवळात फुकट जेवायला बसलेली. कोणाचं कोणाशी जुळत नाही म्हणून. चार वर्षं झाली ऐकतोय. मला एक सरदार पाहिजे काका, असा, की त्याला बघूनच कळलं पाहिजे फौज ग्वालियर की है. हा टोप काढा आणि पगडी घाला, आपली शिंदेशाही. आणि पूर्ण रंगवून द्या. शनिवारी सकाळच्या गाडीने जायचंय."

"मी दात रंगवतो. राक्षस नाही."

"तुम्ही माझ्या दातावर चहाचा डाग रंगवला होता, काका. शेजारच्याशी जुळावा म्हणून. आठवतंय?"

आठवत होतं. माणसाला कुठे पकडायचं ते या पोराला बरोबर माहीत.

जाताना दारात थांबून म्हणाला, "फक्त चेहऱ्याला हात लावू नका. बाकी काही पण करा. कंपनीने हा बनवणं बंद केलंय. एका माणसाच्या आठ महिने मागे लागलो, तेव्हा दिला त्याने. चेहरा बघूनच घेतलाय."

"एक्कावन्न वर्षं झाली मला," मी म्हटलं. म्हणजे काय ते त्याने समजून घ्यायचं.

सोमवारी टोप कापला. चकतीने शिंगं उडवली, डोकं घासून गुळगुळीत केलं, मधोमध सुईएवढं भोक पाडून त्यात आमची कवळीची स्टीलची तार रोवली, म्हणजे पगडी हलणार नाही. समोर आजोबांचा फोटो. गुलाबी मेणाची बारीक वळी करून तिचे पेच एकावर एक घट्ट बसवले, टोकं वर उचलली. विमल वरून चहा घेऊन आली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "राक्षसाला आजेसासऱ्यांची पगडी घातलीत?" पण बराच वेळ बघत राहिली.

आता बाहेर पंचेचाळीस डिग्री. मेणाची पगडी शनिवारी दिल्लीपर्यंत टिकायची नाही, वाटेतच राक्षसाच्या कानावर येईल. तेव्हा मंगळवारी दुपारी मी ठरवलं, पगडी पक्क्या मसाल्यात करायची. मेण काढलं. ब्रश लिक्विडमध्ये बुडवला, पावडरला टेकवला, आणि थेंब थेंब डोक्यावर चढवू लागलो. हात इतका सराईत की बघावं लागत नाही.

बघायला पाहिजे होतं. आमचा सगळा कारभार प्लास्टर आणि तयार दातांशी, त्यांना लिक्विडने काही होत नाही. या करड्या प्लास्टिकला होतं. जास्तीचा एक थेंब कपाळावरून खाली उतरला. मी सवयीने कापसाचा बोळा घेतला आणि पुसला. नाक कापसाबरोबर आलं. मी घाबरून परत पुसलं, तर डोळे गेले. ओल्या हातात पेढा धरावा तसा तो चेहरा झाला होता. दोन सुळे तेवढे कलंडून उभे.

मी उठून दार लावलं. पंखा बंद केला, का ते माहीत नाही. घामाने निथळत बसलो.

पहिला विचार काय आला सांगू? "प्लास्टिकच हलकं होतं रे." वाक्य तयारच होतं. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, निखिलसमोर म्हणावं तसं. चांगलं वाटत होतं ऐकायला. त्याला काय कळणार लिक्विड काय नि पावडर काय. परत एकदा म्हटलं.

जिन्यावरून विमलचा आवाज, "कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही."

"मग वर येऊन जेवा."

जेवलो नाही. वाक्य घशाखाली उतरत नव्हतं. मास्तरांचे पेढे आठवत होते.

संध्याकाळी ठरवलं, सांगायचं नंतर बघू, आधी दुसरा चेहरा करू. आणि तिथे मला दुसरा धक्का बसला. मला तो चेहरा आठवेनाच! नाक बसकं होतं की बाकदार? भुवया होत्या की नव्हत्या? दोन दिवस वस्तू माझ्या बोटांत होती, आणि मी फक्त सुळे पाहिले होते. त्यांचा झोक, त्यांची मुळं, हिरडी कुठे बसते, ते सगळं डोळ्यांसमोर. बाकी कोरं. एक्कावन्न वर्षं माझ्यासमोर माणसं साच्यातून आली, नाक-डोळ्यांशिवाय. तसंच याचं झालं.

मग जे येतं त्यापासून सुरुवात केली. राक्षसाचं डोकं मोजलं तर एका मोठ्या दाढेएवढं. दाढा मी हजारोंनी कोरल्या आहेत. डोंगर, दरी, उतार, सगळं दाढेत असतं. दातांच्या रंगाच्या मसाल्याचा एक तुकडा आधी वेगळाच शिजवून घट्ट करून घेतला, म्हणजे लिक्विडचा राक्षसाशी संबंधच नको. वितळलेला भाग सपाट घासून काढला. बुधवारी सकाळी भिंग लावून कोरायला बसलो.

रागावलेला चेहरा करायचा होता. पण राग कुठे असतो? लोक म्हणतात डोळ्यांत. माझ्या हिशेबाने खालच्या जबड्यात. मी माझी खालची कवळी काढून ठेवली, आरसा टेकवला आणि जबडा पुढे काढला. गाल आत गेले, हनुवटी वर आली, ओठांच्या कोपऱ्यांतून दोन घड्या खाली पडल्या. तसंच धरून कोरत गेलो. लाळ गळत होती. तेवढ्यात विमल गव्हाच्या कोठीपाशी आली, मला पाहिलं आणि परात हातात धरून उभी राहिली.

"अहो, बरं आहे ना?"

मला उत्तर देता येईना. कवळी टेबलावर. मी राक्षसाकडे बोट दाखवलं. तिने भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत भिंगातून.

"हे तर तुम्हीच," ती म्हणाली. "जेवायला उशीर झाल्यावरचे."

गुरुवारी चेहरा चिकटवला, पगडी वेगळी शिजवून तारेवर बसवली. मग रंग. रंगाची तऱ्हा दातांसारखीच निघाली. एकदम जाड रंग फासला की मेलेला दिसतो. पातळ पातळ थर द्यायचे. काळसर पाणीदार रंग सोडला की तो आपोआप सुरकुत्यांत उतरतो, आणि कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर उजेड द्यायचा. अंग शेवाळी केलं, पगडी लाल, कडेला सोनेरी. सुळे तयार दातांतून तासले होते. टोकाला पिवळट, मधे दुधी, आणि मुळाशी तंबाखूचा डाग. इथल्या माणसाचा दात तसाच असतो.

शुक्रवारी संध्याकाळी निखिल आला. विमलही मुद्दाम खाली येऊन कोठीवर बसली. मी राक्षस रुमालाखाली ठेवला होता. रुमाल काढण्याआधी बोललो, कारण काढल्यावर बोललो नसतो.

"चेहऱ्याला हात लावू नका म्हणाला होतास. मी लावला. माझं लिक्विड लागून वितळला. प्लास्टिक चांगलं होतं. चूक माझी आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून धंद्यात पहिल्यांदा निघालं.

त्याने रुमाल काढला. मोबाईल काढून जुना फोटो लावला, एकदा फोटो, एकदा राक्षस. कान लाल झाले होते त्याचे.

"एकच तो बात बोली थी, काका."

"हो."

"एकच."

"हो म्हटलं ना! परत बनवला आहे मी. डोळे फोडून बनवला आहे. नसेल पसंत तर ठेवून जा!"

विमल म्हणाली, "माफी मागताय की भांडताय?"

निखिलने काडेपेटी उघडली, पण पगडीमुळे राक्षस आता तिच्यात मावेना. मी कवळीची डबी काढून दिली, आत कापूस घातला. त्याने ती खिशात ठेवली आणि म्हणाला, "बघतो." नेहमी पाया पडून जातो, त्या दिवशी तसाच गेला.

शनिवार गेला. रविवारी मी तीनदा मोबाईल चार्जिंगला लावला, भरलेला असताना. दिल्लीतले ते दहा-बारा जण, थर्माकोलचे डोंगर, आणि मधोमध माझं कबाड घेऊन उभा राहिलेला निखिल. भंडारे की पंगत. आणि पंगतीच्या मधोमध बसवायला मी काय दिलं, तर जेवायला उशीर झालेला म्हातारा. विमल गहू निवडत बसली.

संध्याकाळी सहाला फोन वाजला.

"काका, हरलो."

मी विचारलं, "चेहऱ्यामुळे?"

"चेहऱ्याने कोण हरतं काका? फासे पडले नाहीत. सरदार तिसऱ्याच फेरीत मेला."

"आणि दिल्लीवाले?"

मागे गाडीचा गलका होता, तो स्टेशनवर असावा. "तेच सांगतोय. जो सगळ्यात जास्त हसायचा ना, त्याने उचलला आणि दिव्याखाली धरून बसला. त्याची चाल आली तरी ठेवीना. म्हणाला, बाकी सबके राक्षस चिल्ला रहे हैं, ये चुप है, इससे डर लगता है."

"असं म्हणाला?"

"हो. मी पण सांगून टाकलं, असली चेहरा गल गया, हा हमारे काका ने बनवलाय. तो म्हणाला, अच्छा हुआ गल गया."

"अच्छा हुआ म्हणाला?"

"तुम्ही जास्त खुश होऊ नका, काका. मला अजून दुःख आहे." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या फौजेला आज कोणी पंगत नाही म्हटलं."

मी विचारलं, "पगडी हलली नाही ना?"

"नाही. आणि ऐका, आता त्याला एक निशाणवाला पाहिजे, झेंडा धरणारा. पण काका, हात जोडतो, तुमचं ते लिक्विड त्याच्यापासून लांब ठेवा."

फोन ठेवला तेव्हा कळलं की शुक्रवारपासून माझी मान आखडली होती, कारण ती आत्ता सुटली. विमलने ताट वाढलं होतं. मी चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली. ती म्हणाली, "जिंकला का?" मी म्हटलं, "हरला," आणि हसायला लागलो, तर ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी बाड्यावरच्या बाजारात गेलो. फुटपाथवरून एक कंगवा, एक साबणदाणी, प्लास्टिकचा एक सिंह, एक बदक आणि दोन शिपाई घेतले. विकणाऱ्याने विचारलं, "पोते के लिए, बाबूजी?" मी म्हटलं, "अपने लिए." परत येऊन टेबल पुसलं, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, लिक्विडची बाटली उघडली आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक थेंब टाकून घड्याळ बघत बसलो. कंगव्याला काही झालं नाही. बदकालाही नाही. सिंह चार मिनिटांत खाली बसला.